मालकांचं इंग्रजी

"काय म्हणतोय तो? सरळ सांग, घुमवू नकोस," श्यू मालक म्हणाले. पायांत न्हाणीघरातल्या सपाता, तोंडात सुपारी, आणि सकाळचे आठ वाजून पाच मिनिटंही झाली नव्हती.

बीश्याच्या हातात रात्री आलेला फॅक्स होता. इंग्लंडात माणसं कामाला बसतात तेव्हा इथं तैवानातल्या भातखाचरांवर संध्याकाळ उतरत असते. त्यामुळे त्यांचे कागद नेहमी कारखाना बंद झाल्यावर यायचे आणि सकाळी ती कुलूप काढायची तेव्हा यंत्राखाली गुंडाळी होऊन पडलेले असायचे. आजचा कागद दोन पानांचा होता आणि खाली सही तिथल्या सायकल कंपनीतून नेहमी लिहिणाऱ्या कॉलिन हेस्केथची नव्हती. सही केली होती हेस्केथच्या वरच्या साहेबानं, थॉर्नबर नावाच्या. त्यानं लिहिलं होतं की आपणांस काहीशी चिंता वाटत आहे. चोवीस वर्षं इंग्रजांशी पत्रव्यवहार केल्यावर बीश्याला एवढं कळत होतं, की इंग्रज माणूस 'काहीशी' म्हणतो तेव्हा त्याच्या स्वयंपाकघराला आग लागलेली असते.

"एक बाई पडली," ती म्हणाली. "सायकलवर टपाल वाटणारी. उतारावर हँडलची मान मोडली. जबडा गेलाय आणि खांद्याचं हाड."

मालकांचं चघळणं थांबलं. "कुठल्या मालातली मान?"

"मार्चमधल्या."

मार्चमधला माल म्हटल्यावर मालकांना धीर आला आणि धीराबरोबर संताप. तो माल वाईट निघाल्याचं आपण कळवलं नव्हतं का? इथंच, ह्याच टेबलापाशी उभं राहून आपण सांगितलं होतं, की माल बाजूला काढा, मान मोडेल. मग विकला कशाला? त्या हेस्केथचे कान काय घरी ठेवले होते? लिही म्हणाले, तुझे कान कुठे होते असं विचार त्याला.

बीश्यानं पुढचं सांगितलं. हेस्केथला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं आहे. इकडून काय काय कळवलं होतं ते सगळं पाठवा, अशी विनंती आहे. एवढं सांगून ती थांबली. मधलं एक वाक्य तिनं गाळलं. हेस्केथचं म्हणणं असं होतं, की घाई नाही असं आपल्याला तैवानहून लेखी कळवण्यात आलं होतं. पण तो फॅक्स त्यानं खिडकीपाशी ठेवला होता आणि फॅक्सचा तो गुळगुळीत कागद उन्हानं पांढराफटक पडला होता. त्याच्यापाशी दाखवायला आता कोरा कागद होता.

मालक पाय आपटत यंत्रशाळेकडे गेले. बीश्या टाइपरायटरवरचं आवरण काढून नुसती बसून राहिली.

न्येन बीश्या ह्या कारखान्यात आली तेव्हा बावीस वर्षांची होती. चांगह्वाच्या वाणिज्य विद्यालयातून इंग्रजी पत्रलेखनात पहिली आलेली. तेव्हा कारखाना म्हणजे भाताच्या शेतात उभारलेलं पत्र्याचं एक छप्पर होतं. सायकलचं हँडल जिच्या जोरावर चौकटीला धरून राहतं, ती मान तिथं बनायची. मालकांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं आणि त्याची त्यांना लाजही नव्हती. ते दारात उभं राहून आपल्या बोलीत दणादण बोलायचे, ती टाइप करायची, ते न वाचता सही ठोकायचे. पहिल्या वर्षी तिनं त्यांचं बोलणं जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं. एका जर्मन गिऱ्हाइकाला मालक म्हणाले होते, माप घेताना तुझे डोळे फुटले होते का. तिनं प्रामाणिकपणे तसंच लिहिलं. त्या जर्मन माणसाचं पत्र पुन्हा कधी आलं नाही. मालक दोन महिने कोड्यात पडले होते, की एवढा चांगला माणूस अचानक गप्प का झाला. कारण बीश्याला माहीत होतं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही आणि त्या दिवसापासून ती मालकांच्या प्रत्येक वाक्याखाली गादी घालू लागली.

मालक म्हणायचे, हा माणूस आंधळा आहे का? ती लिहायची, आमच्या सांगण्यात बहुधा काही उणीव राहिली असावी. मालक म्हणायचे, पुढच्या महिन्यात माल मिळणार नाही म्हणजे नाही. ती लिहायची, पुढील महिन्यात किंचित अडचण उद्भवण्याचा संभव अगदीच नाकारता येत नाही, असे खेदपूर्वक सुचवावेसे वाटते. गिऱ्हाइकं टिकली, वाढली. पत्र्याच्या एका छपराची चार झाली. वर्षअखेरीच्या जेवणात दोन पेले चढले की मालक सगळ्यांना ऐकवायचे, की गोरा माणूस आपल्याला मानतो, कारण आपण तोंडावर बोलतो. बीश्या त्या वेळी माशातले काटे काढत बसायची. यंत्रशाळेतली माणसं तिला टोफूताई म्हणत, टोफूच्या मऊ वडीवरून. तिच्या मागे म्हणत, आणि चाचणी करणारा थ्येनफू तोंडावर म्हणे.

मार्चचं पत्र लिहायला लावलं ते थ्येनफूनं. त्याच्या यंत्रावर हँडल धरून एक लाख वेळा हलवायचं आणि मान टिकते का बघायचं, हे त्याचं आयुष्यभराचं काम. त्या मालातल्या वीस माना त्यानं लावल्या, त्यांतल्या अकरा चाळीस हजारांच्या आतच मोडल्या. पण माल दहा दिवसांपूर्वीच जहाजावर चढला होता. मालक शिव्या घालत आले आणि म्हणाले, सांग त्यांना, माल पोचला की बाजूला काढा, बसवू नका, मान मोडेल. ह्याहून स्पष्ट कुणी काय बोलायचं? बीश्यानं लिहिलं. मालकांनी सही केली. पत्र गेलं.

तीन दिवसांनी कॉलिन हेस्केथचं उत्तर आलं. आभार मानून त्यानं विचारलं होतं, की फारशी घाई नाही असं मी धरून चालू का? त्या दिवशी मालक मामांच्या अंत्यविधीला गावी गेले होते. बीश्या एकटी होती. घाई आहे, एवढंच लिहायचं होतं. पण तसं लिहायचं म्हणजे त्याला चूक दाखवायची, तीही अंगावर काही न पांघरता. त्या जर्मन पत्रानंतर तिनं असं वाक्य लिहिलं नव्हतं. तिनं लिहिलं, मुळीच नाही, आपल्या सोयीने व्हावे, आपणांस तसदी दिल्याबद्दल क्षमस्व. यंत्रानं तो कागद गिळला आणि ती घरी गेली. आईसाठी मासळीचं सूप करायचं होतं.

ते दुसरं पत्र तिच्या फाइलमध्ये होतं. साध्या कागदावर टाइप केलेलं, त्यामुळे ऊन लागो न लागो, एक अक्षर फिकं झालेलं नव्हतं.

दहाच्या सुमाराला मालकांचा मुलगा च्यावेई फाइल मागायला आला. ऑस्ट्रेलियात दोन वर्षं काढून तो गेल्या वर्षी परतला होता आणि सोबत एक संगणक आणला होता, ज्याच्याजवळ दुसऱ्या कुणी जायची छाती नव्हती. त्याला इंग्रजी चांगलं वाचता येत होतं, पण जुनी पत्रं उघडायची त्याला कधी गरज पडली नव्हती. त्यानं मार्चचं पहिलं पत्र दोनदा वाचलं. भुवई वर गेली. मग म्हणाला, फारच मिळमिळीत आहे, पण 'टिकाऊपणा' आहे, 'तपासून पाहणे' आहे, ताणलं तर ताणता येईल, वकिलाला एवढं पुरतं. मग त्यानं पान उलटलं आणि दुसरं पत्र वाचलं.

फाइलमधून तो कागद काढून त्यानं तिच्या टेबलावर पालथा ठेवला.

"ताई, हे त्यांच्याकडे नाहीच आहे," तो म्हणाला. "मग आपल्याकडे तरी असायचं कारण काय?"

बीश्या म्हणाली, तो माणूस घरी बसलाय. च्यावेई म्हणाला, तो एक माणूस आहे आणि इथं बेचाळीस आहेत, आणि तुम्ही त्याला कधी पाहिलेलंसुद्धा नाही. हे त्यानं वाईटपणानं म्हटलं नाही. पहिलं पत्र तेवढं पाठवून द्या, सोबत दोन ओळी, की आम्ही वेळीच कळवलं होतं, असं सांगून तो गेला.

पाहिलं नव्हतं हे खरं. पंधरा वर्षांत एकदाही नाही. दर डिसेंबरात त्याचं एक भेटकार्ड यायचं, बर्फावर बसलेल्या लाल छातीच्या पाखराचं. चार वर्षांपूर्वी एका मालाच्या पत्राच्या शेवटी त्यानं लिहिलं होतं, अलीकडे घरात थोडं शांत शांत असतं. तेवढ्यावरून तिनं ओळखलं होतं, की त्याची बायको गेली. तिनं उलट लिहिलं, आपल्याकडे शांतता असेल असे ऐकून आम्हांस वाईट वाटले. पुढच्या पत्रात त्यानं आभार मानले, आणि त्यावर दोघांनीही पुन्हा अक्षर काढलं नाही. इतकं सगळं अर्ध्या शब्दात समजणारा हा माणूस. मग मार्चमध्येच ह्याच्या डोक्यात प्रकाश का पडला नाही? बीश्याला त्याचा राग आला. घाई आहे का हे विचारायचं कशाला? आणि विचारायचं तर 'घाई नाही ना' असं विचारायचं कशाला? तसं विचारल्यावर सभ्य माणूस दुसरं काय उत्तर देणार? मग तिला स्वतःचा राग आला, आणि तो काही केल्या जाईना.

दुपारी वाफेच्या पेटीतून सगळ्यांचे जेवणाचे डबे निघाले. थ्येनफू आपला डबा घेऊन नेहमीसारखा तिच्या टेबलाच्या कडेला येऊन टेकला. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. तो खात नव्हता, नुसता काड्यांनी भात टोचत होता. त्यानं विचारलं, की पत्रात अकरा मोडल्या हे लिहिलं होतंस ना? वीसपैकी अकरा? बीश्या म्हणाली, आकडे नव्हते लिहिले. मग काय लिहिलं होतंस, असं त्यानं विचारलं, आणि तिनं सांगून टाकलं, दोन्ही पत्रांचं.

थ्येनफूनं डब्याचं झाकण लावलं.

"मी एक लाख वेळा हलवून बघतो," तो म्हणाला. "तीस वर्षं हेच करतोय. का, तर कुठं मोडेल ते आधी कळावं. मोडकी मान तुझ्या हातात आणून दिली होती मी, बीश्या. तुला त्यापुढं नुसतं 'मोडते' म्हणायचं होतं."

"माहितीय, दादा."

"माहितीय काय. त्या बाईला आता चावता येत नसेल."

त्यानं टोफूताई म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. तो डबा घेऊन निघून गेला. एक वाजता दुपारच्या डुलकीसाठी दिवे बंद झाले. सगळे टेबलांवर डोकी टेकून झोपले. बीश्यानंही टेकलं, पण डोळा लागला नाही.

त्या दिवशी चांद्र महिन्याची सोळावी तारीख होती, भूमिदेवाच्या पूजेची. चार वाजता फाटकाशी टेबल मांडलं गेलं. उकडलेली कोंबडी, पेरू, बिस्किटांचे पुडे, तांदळाच्या दारूचे तीन पेले. मालकांनी सपाता टाकून बूट घातले होते. ते उदबत्त्या घेऊन पुढे उभे राहिले, मागे च्यावेई, त्याच्यामागे बीश्या आणि बाकीचे. मालक देवाशीही मोठ्यानंच बोलायचे. भूमिदेवाला त्यांनी कारखान्याचं नाव-पत्ता सांगितला आणि म्हणाले, की तू सगळं बघतोस. माल वाईट निघाला हे खरं, पण श्यूनं लपवलं नाही. श्यूनं दुसऱ्याच दिवशी तोंडावर सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. त्या बाईचं हाड लवकर जुळू दे आणि खरं कोण हे त्यांना कळू दे.

उदबत्तीची राख बीश्याच्या मनगटावर पडली. मालक खोटं बोलत नव्हते. तेच तिला सहन होईना. हा माणूस खोटं बोलत असता तर ती पहिलं पत्र पाठवून मोकळी झाली असती.

देवाच्या नावानं कागदी नोटा जाळून झाल्यावर मालक आत येऊन चहाला बसले, तेव्हा ती फाइल घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली. म्हणाली, तुम्हांला एक पत्र वाचून दाखवायचंय, आपल्या बोलीत. च्यावेई खुर्चीतून अर्धवट उठला आणि ताई म्हणाला, पण मालकांनी हातानंच त्याला बसवलं. वाच म्हणाले.

तिनं वाचलं. एक शब्द सोडला नाही, एक बदलला नाही.

"नुकत्याच पाठवलेल्या मालापैकी काही नगांच्या बाबतीत, विशिष्ट परिस्थितीत, टिकाऊपणा अपेक्षेपेक्षा थोडासा कमी भरण्याची शक्यता कदाचित असू शकेल, असे आमच्या नजरेस आल्यासारखे वाटते. आपणांस सोयीचे असल्यास, सवडीने, हा माल तपासून पाहण्याचा विचार करता आला, तर आम्ही ऋणी राहू."

मालक हसले. "हा कोण गुळाचा गणपती? कुणाचं पत्र आहे?"

"तुमचं. मार्चमधलं."

हसू लगेच गेलं नाही, चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि मग त्याला काही आधार उरला नाही. मालकांनी पत्र हातात घेतलं, उलटसुलट केलं, खालची आपली सही पाहिली. मान मोडेल, असं आपण म्हणालो होतो. ते ह्यात कुठे आहे? तिनं सांगितलं, कुठेच नाही.

"मी असा बोलतो?"

मालकांनी भिंतीच्या कपाटाकडे बोट दाखवून दुसरं एखादं काढ म्हटलं. कुठलंही. तिनं हाताला आलं ते काढलं, एका डेन्मार्कच्या गिऱ्हाइकाला लिहिलेलं, अकरा वर्षांपूर्वीचं. मालकांना ते भांडण लख्ख आठवत होतं. त्या डॅनिश माणसाला आपण कसं गप्प केलं, हे त्यांनी निदान तीस जेवणांत सांगितलं असेल. पत्रात लिहिलं होतं, की आपल्या अमूल्य सूचनेबद्दल आम्ही मनापासून आभारी आहोत, आणि आपले म्हणणे बहुतांशी योग्यच असावे, तथापि. मालक म्हणाले, आणखी एक. मग आणखी एक. पुढ्यातला चहा पार निवून गेला. चौथ्या पत्राच्या मध्यावर त्यांनी हात वर केला.

"चोवीस वर्षं मला वाटत होतं, मी त्यांच्याशी बोलतोय," ते म्हणाले.

बीश्याला सांगता आलं असतं, की ह्या गाद्यांवरच चार छपरं उभी आहेत. ते खरंही होतं. पण त्या खोलीत ते म्हणायची लाज वाटली. तिनं दुसरं पत्र काढलं आणि तेही वाचलं, हेस्केथचा प्रश्न आधी आणि आपलं उत्तर नंतर. मुळीच नाही, आपल्या सोयीने व्हावे. आणि सकाळच्या फॅक्समधलं गाळलेलं वाक्यही सांगितलं.

च्यावेईनं मग आपली बाजू मांडली. ओरडून नाही, समजावून. हा कागद जगात एकाच ठिकाणी आहे. तो पाठवला तर बाईच्या दवाखान्यापासून कोर्टापर्यंत सगळं आपल्या दारात येईल, आणि इंग्लंडचा माल म्हणजे कारखान्याचा तिसरा हिस्सा. आणि त्या हेस्केथला तर इथं कुणी पाहिलेलंही नाही. मालक मुलाचं बोलणं पुरतं ऐकत होते, पण बघत होते बीश्याकडे.

"तुझ्यावर डोळे झाकून सह्या केल्या मी," ते म्हणाले.

"हो."

तेवढंच म्हणाली ती. मला वाटलं, माझा हेतू, तुमच्याच भल्यासाठी, असं बरंच काही जिभेवर आलं होतं. आयुष्यभर ते शब्द तिनं पैशाला पासरी वाटले होते. आज त्यांतला एकही वापरायचा तिला कंटाळा आला.

मालक उठून खिडकीशी गेले. बाहेर फाटकापाशी बायका नैवेद्याचे पुडे वाटून घेत होत्या. मग ते वळले आणि दारात जाऊन उभे राहिले, जिथं उभं राहून ते नेहमी पत्र सांगायचे तिथं.

"लिही. जसं बोलतो तसं लिही. एक अक्षर तुझं घालायचं नाही."

ते सांगत गेले, ती टाइप करत गेली. माल वाईट होता. वीसपैकी अकरा माना मोडल्या. हे आम्हांला मार्चमध्ये माहीत होतं. आम्ही नीट सांगितलं नाही. हेस्केथनं विचारलं तेव्हा घाई नाही असं आम्हीच लिहिलं. तो कागद सोबत आहे. चूक हेस्केथची नाही. चूक आमची आहे.

'आम्हीच लिहिलं' इथं ती थांबली. म्हणाली, मालक, मी लिहिलं. माझं नाव घाला. मालक म्हणाले, सही कुणाची आहे? सही माझी आहे ना, मग आम्हीच राहू दे.

"वाच," ते म्हणाले.

तिनं परत त्यांच्या बोलीत वाचून दाखवलं. आठ ओळी होत्या. एवढं लहान पत्र ह्या यंत्रातून कधी निघालं नव्हतं. वाचून झाल्यावर मालकांनी घसा खाकरला. पायांतल्या बुटांकडे पाहिलं. दिवसभर शिव्या घालणारा, देवालाही दरडावणारा हा माणूस आपलंच बोलणं उघडंनागडं ऐकून अवघडला होता. एकदा यंत्रशाळेकडे पाहिलं त्यांनी, एकदा मुलाकडे.

"ते शेवटचं," ते हळूच म्हणाले. "तिथं एखादं 'बहुतेक' घाल ना कुठंतरी. चूक बहुतेक आमची आहे, असं. तुला येतं ते."

येत होतं. एकच शब्द होता, आणि बोटांना त्याची जागा डोळे मिटून ठाऊक होती. पण मधला तो शब्द वाचला की तिकडचा साहेब चष्मा पुसणार, वकिलाला बोलावणार, आणि हेस्केथ आणखी सहा महिने घरी बसणार.

"नाही मालक," बीश्या म्हणाली.

मालक तिच्याकडे बघत राहिले. ह्या बाईच्या तोंडून त्यांनी मागं-पुढं काही न लावलेलं 'नाही' आजवर ऐकलं नव्हतं. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि सही केली. दोन्ही कागद यंत्रात गेले आणि पलीकडून निघाले. च्यावेई आपली मोटारसायकल काढून निघून गेला.

उत्तर यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मालक तिच्याशी कामापुरतं बोलले, तेही दारातून नाही, टेबलासमोर खुर्ची ओढून. पाचव्या दिवशी सकाळी यंत्राखाली गुंडाळी होती. थॉर्नबरचीच, दोन पानी, अगदी काठोकाठ भरलेली. च्यावेई आला, थ्येनफू काहीतरी विचारायचं निमित्त काढून दारापाशी रेंगाळला. मालक समोर बसले आणि वाच म्हणाले.

तिनं वाचायला सुरुवात केली. आपल्या मोकळेपणाची आम्ही कमी कदर करत नाही. पुढं आलेल्या कागदाच्या प्रकाशात, सर्व बाजूंचा विचार करता, सदर प्रकरणाकडे काहीशा वेगळ्या दृष्टीने पाहणे अगदीच अनुचित ठरणार नाही, असे येथे साधारणपणे जाणवले आहे. मालकांचा पाय हलायला लागला. अर्धं पान झालं तरी गाडी फाटकाबाहेर पडली नव्हती. शेवटी त्यांचा संयम सुटला.

"त्या माणसाला ठेवलं की काढलं?"

बीश्यानं कागदावरून बोट झरझर खाली नेलं. पान उलटलं. श्री. हेस्केथ यांची इच्छा असल्यास त्यांनी पूर्ववत कामावर येण्यास आता कोणताही मोठा अडसर दिसत नाही, असं एक वाक्य होतं. ते तिनं स्वतःशी दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा डोळ्यांपुढं अक्षरं नीट दिसेनात.

"ठेवलं," ती म्हणाली.

थ्येनफूनं दारातच मोठा श्वास सोडला. मालकांनी मान हलवली आणि कागदाच्या उरलेल्या भागाकडे पाहिलं. अजून बराच मजकूर होता. इतक्या वर्षांच्या सुखद संबंधांचा उल्लेख होता, सद्यःस्थितीत तूर्तास आपणांस अधिक तसदी न देणे हेच कदाचित उभयपक्षी हिताचे ठरेल, असं होतं, भविष्यात परिस्थिती बदलल्यास वगैरे होतं. बीश्या तो सगळा भाग मनात वाचत होती. ह्याच्या प्रत्येक वळणाचा तिला परिचय होता. अशी वळणं तिनं स्वतः घेतली होती.

"आणि?" मालकांनी विचारलं.

"आपल्याला काढलं."

पलीकडे थ्येनफूचं यंत्र हँडल हलवत होतं, त्याचा आवाज भिंतीतून येत होता. मालकांनी किटलीतलं पाणी चहावर ओतलं, पहिला पेला थ्येनफूला दिला, दुसरा मुलाला, तिसरा तिच्यापुढे सरकवला.

"एवढं सांगायला दोन पानं," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "उत्तर टाइप कर."

"काय लिहू?"

"मिळालं म्हण. दुसरं काय असतं."

तिनं टाइप केलं. इंग्रजीत तीनच शब्द, तुमचं पत्र मिळालं. खाली तारीख आणि नाव. कागद काढून तिनं मालकांपुढे ठेवला आणि नेहमीच्या सवयीनं सहीची जागा बोटानं दाखवली. मालकांनी पेन उघडलं, पण सही केली नाही. डोळ्यांवर चष्मा चढवला, कागदावर वाकले आणि आपलं जाडं, वंगणानं काळं झालेलं बोट पहिल्या शब्दाखाली ठेवलं.

"हे काय आहे?"

"तुमचं," ती म्हणाली.

बोट पुढं सरकलं. "हे?"

"पत्र."

"आणि हे मिळालं."

"हो. हे मिळालं."

ते सगळ्या शब्दांवरून पुन्हा एकदा बोट फिरवून आले, पहिल्यापासून. मग त्यांनी सही केली.